पित्ताच्या चर्चेत विसरलेली अन्ननलिका

संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक पानावर पित्त आणि ॲसिडिटी या विषयांवरचे लेख वर्षभरात अनेकदा येतात आणि मी ते आवर्जून वाचतो. पोटाची काळजी कशी घ्यावी, जेवणाच्या वेळा कशा पाळाव्यात, ताण कसा कमी करावा याची माहिती त्यांत असते आणि ती बहुतांशी योग्यच असते. तरीही लेख वाचून झाला की दर वेळी एक गोष्ट खटकते. या आजाराची सर्वांत जास्त झळ ज्या अवयवाला पोचते, त्या अन्ननलिकेचा उल्लेख एखाद्या वाक्यापुरता येतो किंवा येतच नाही. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे अन्ननलिकेत चढत राहणे आणि त्यामुळे तिच्या अस्तरात बदल होत जाणे हा एक स्वतंत्र आजार आहे, आणि छातीत जळजळ किती होते यावरून त्या बदलांचा अंदाज बांधता येत नाही, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. निवृत्त शिक्षक आहे आणि या आजाराचा जुना रुग्ण आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

घोटाळ्याची सुरुवात आपल्या शब्दापासूनच होते. "पित्त झाले" असे आपण म्हणतो तेव्हा त्यात करपट ढेकर, घशाशी आलेले आंबट पाणी, मळमळ, डोकेदुखी, छातीतली जळजळ असे सगळेच येते. अंगावर गांधी उठल्या तरी आपण पित्त उठले असेच म्हणतो. शरीरशास्त्रात मात्र पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा हिरवट पिवळा रस, तर जठरात तयार होते ते हायड्रोक्लोरिक आम्ल. पित्तरसही कधी कधी लहान आतड्यातून मागे जठरात आणि तिथून वर अन्ननलिकेत येतो, आणि आम्लाच्या जोडीने आला तर तो अधिक अपाय करतो, हे खरे. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. मी स्वतः कित्येक वर्षे माझ्या पित्ताशयातच काहीतरी बिघाड असावा असे धरून चाललो होतो. सोनोग्राफीत पित्ताशय निर्दोष निघाले, तेव्हा मी निश्चिंत झालो आणि पुढे काही विचारलेच नाही. शब्दाने माझे लक्ष चुकीच्या जागी नेले होते आणि ते तिथेच राहिले.

प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची बनलेली नळी असते. गिळलेला घास तिच्यातून आपल्या वजनाने खाली पडत नाही. स्नायूंची एक लाट त्याला ढकलत नेते आणि आठ-दहा सेकंदांत तो जठरात पोचतो. नळीच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. बोलताना आपण त्याला झडप म्हणतो, पण दारासारखी उघडमीट करणारी पाकळी तिथे नसते. एरवी आवळलेले असणारे आणि घास आला की काही सेकंद सैल पडणारे असे ते कडे असते, आणि बाहेरच्या बाजूने श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचे, स्नायू त्याला आवळून धरायला मदत करतात. श्वासपटलातली फट रुंद होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की ही दोन्ही बळे एकमेकांपासून दूर जातात आणि बंदोबस्त ढिला पडतो. त्या अवस्थेला हायटस हर्निया म्हणतात. तो असलेल्या प्रत्येकाला आम्लाचा त्रास होतोच असे नाही, परंतु अन्ननलिकेला जास्त इजा झालेल्यांमध्ये तो वारंवार आढळतो.

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते पुढच्या गोष्टीचे. आम्ल वर येते ते बहुतेक वेळा घास गिळताना येत नाही. जठर फुगले की आतली हवा बाहेर सोडण्यासाठी हे कडे गिळण्याशी संबंध नसतानाही अधूनमधून आपोआप सैल पडते. ढेकर येतो तो याच सोयीमुळे. प्रत्येक निरोगी माणसात हे घडते आणि थोडे आम्ल प्रत्येकाच्याच अन्ननलिकेत दिवसातून अनेकदा जाते. आजार असलेल्यांमध्ये या सैल पडण्याच्या वेळी हवेसोबत आम्ल वर येण्याचे प्रमाण जास्त असते, किंवा वर आलेले आम्ल खाली परतायला फार वेळ लागतो. म्हणजेच अशा रुग्णांपैकी बहुतेकांच्या जठरात आम्ल काही जास्त तयार होत नसते. ते नेहमीइतकेच असते, फक्त जिथे असू नये तिथे असते. "तुमच्या अंगात ॲसिड जास्त आहे" हे वाक्य आपण किती सहज ऐकतो आणि ऐकवतो, याचा विचार केला तर या आजाराबद्दलची आपली समजूत मुळातच कुठे चुकते ते लक्षात येईल.

जठर स्वतःच्या आम्लाने का जळत नाही, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारत. जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारे बायकार्बोनेट मुरलेले असते. शिवाय ते अस्तर काही दिवसांत नवे होत राहते. अन्ननलिकेला असे चिलखत नाही. तिचे अस्तर त्वचेसारख्या चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते. घासाच्या घर्षणाला ते उत्तम तोंड देते, पण आम्लापुढे टिकून राहण्यासाठी ते घडलेले नाही. तिचा बचाव मुख्यतः दोन गोष्टींवर चालतो: आलेले आम्ल स्नायूंच्या लाटेने लगेच खाली ढकलणे आणि उरलेले लाळेने धुऊन निष्प्रभ करणे. झोपेत हे दोन्ही मंदावते. लाळ जवळजवळ थांबते, गिळणे विरळ होते आणि आडवे असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदतही मिळत नाही. रात्री आलेले आम्ल म्हणूनच दिवसा आलेल्या आम्लापेक्षा कितीतरी जास्त वेळ तिथे रेंगाळते. सकाळी तोंड आंबट वाटणे, आवाज बसलेला असणे, रात्री खोकल्याने किंवा ठसक्याने जाग येणे यामागे काही वेळा हे कारण असते.

आता माझ्याविषयी थोडे लिहितो, कारण माझ्या चुकीतून कोणी सावध झाले तर मला बरे वाटेल. मला सुमारे पंधरा वर्षे जळजळीचा त्रास होता. आम्ल मारणाऱ्या चघळायच्या गोळ्या माझ्या खिशात, टेबलाच्या खणात, प्रवासाच्या पिशवीत, सगळीकडे असत. एका दवाखान्यात मला तपासले गेले, पोट दाबून पाहिले गेले आणि "पित्तप्रकृती आहे, जपून राहा" असे सांगून परत पाठवले गेले. त्या डॉक्टरांचा राग मी धरत नाही, कारण मीही त्यांना जळजळीखेरीज दुसरे काही सांगितले नव्हते. मग एका वर्षी जळजळ आपोआप कमी होऊ लागली. खिशातल्या गोळ्या संपेनाशा झाल्या. मला वाटले, निवृत्तीनंतर ताण कमी झाला म्हणून आजार गेला. घरात मी तसे आनंदाने सांगितलेही.

त्याच काळात माझे जेवण लांबू लागले होते, पण ते मला कळले नव्हते. मुलीने एकदा सहज विचारले की, "बाबा, हल्ली तुम्ही ताटावरून सर्वांत शेवटी का उठता?" तेव्हा मी नीट आठवून पाहिले. मी घास फार वेळ चावत होतो. कोरडे पदार्थ नकळत टाळत होतो. प्रत्येक दुसऱ्या घासामागे पाण्याचा घोट घेत होतो. चारचौघांत जेवायला बसणे मला नकोसे वाटू लागले होते आणि त्याचे कारण मी वयाला देत होतो. पुढे विशेषज्ञांनी मला पहिलाच प्रश्न केला तो हा: "घास उतरवायला पाणी कधीपासून लागते?" जळजळीविषयी त्यांनी नंतर विचारले. एंडोस्कोपीत दिसले की अन्ननलिकेचा खालचा भाग व्रण भरून येताना आक्रसला होता. नळीचा आतला व्यास साधारण १३ मिलिमीटरपेक्षा कमी झाला की घट्ट घास अडकू लागतो आणि माझा त्याहूनही कमी झाला होता. माझी जळजळ का कमी झाली, त्याचाही उलगडा तिथेच झाला. आक्रसलेली नळी खालून येणाऱ्या आम्लालाही थोडा अटकाव करते. ज्या गोष्टीला मी बरे होणे समजत होतो, ती आजार पुढे गेल्याची खूण होती.

अन्ननलिकेत नेमके काय होते, हे वाचकांना पायरीपायरीने कळायला हवे. सुरुवातीला अस्तराला सूज येते, मग पृष्ठभागावर चिरा पडतात. त्यांची प्रतवारी लॉस एंजेलिस पद्धतीने अ, ब, क, ड अशा चार पायऱ्यांत करतात. पाच मिलिमीटरपर्यंतच्या सुट्या चिरा म्हणजे पहिली पायरी, आणि नळीच्या घेराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग व्यापणारी इजा म्हणजे शेवटची. व्रण खोल गेला तर त्यातून हळूहळू रक्त झिरपते. कधी कधी माणसाला जळजळ जाणवत नाही, पण रक्तातले लोह कमी होऊन थकवा येतो आणि कारण शोधता शोधता अन्ननलिकेपर्यंत पोचावे लागते. जुना व्रण भरताना तंतुमय वण तयार होतो आणि नळी अरुंद होते, जसे माझे झाले. आम्लाने अस्तर वरून भाजून निघते, असेच आजवर मानले जाई. परंतु अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या १२ रुग्णांच्या एका अभ्यासात वेगळे चित्र दिसले. बऱ्या झालेल्या अन्ननलिकादाहाच्या रुग्णांचे औषध दोन आठवडे थांबवले, तेव्हा दाह आधी खोलवरच्या थरांत, पांढऱ्या पेशींच्या जमावाने सुरू झाला आणि पृष्ठभाग त्या वेळी बराचसा शाबूत होता. आम्ल लागल्यावर अस्तरातील पेशी जे रासायनिक इशारे सोडतात, त्यांतून शरीराचीच दाहक्रिया इजा करते, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. अभ्यास लहान आहे, तरी जळजळ आणि इजा यांची सांगड इतकी सैल का असते, हे समजायला तो उपयोगी पडतो असे मला वाटते.

याच्या पुढची पायरी बॅरेट अन्ननलिका या नावाने ओळखली जाते. वारंवार आम्ल सोसणारे चपट्या पेशींचे अस्तर काही जणांत नाहीसे होते आणि त्याच्या जागी आतड्यासारख्या उभट पेशींचे अस्तर येते. नवे अस्तर आम्ल अधिक चांगले सोसते. शरीराने आपल्या परीने केलेली ही तडजोड आहे, पण या नव्या पेशींत पुढे कर्करोग उद्भवण्याची शक्यता मूळ पेशींपेक्षा जास्त असते. या बदलाचा इतिहासही बोलका आहे. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५० साली अशा अस्तराच्या नळीचे वर्णन केले, तेव्हा ती अन्ननलिका नसून छातीत ओढले गेलेले जठर आहे, असे त्याचे मत होते. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉन्स्टन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचे दाखवून दिले आणि १९५७ मध्ये बॅरेटने ते मान्य केले. ज्याचे नाव या विकाराला मिळाले, त्याचेही लक्ष आधी जठरावरच खिळले होते. मग सामान्य वाचकाचे तसे झाले तर नवल नाही. मात्र तज्ज्ञांनी सात वर्षांत दुरुस्त केलेली चूक आपण आरोग्यलेखनात अजून करत राहावी, हे बरे नव्हे.

बॅरेटच्या अस्तराला आम्लाची जाणीव कमी असते. त्यामुळे या टप्प्यावरही जळजळ कमी होऊ शकते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासाचा हवाला पुष्कळदा दिला जातो. आठवड्यातून किमान एकदा त्रास होणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेच्या ग्रंथिकर्करोगाचा, म्हणजे अशा बदललेल्या अस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगाचा, धोका सुमारे आठपट, आणि वीस वर्षांहून अधिक काळ तीव्र त्रास असलेल्यांमध्ये सुमारे ४४ पट आढळला. हा आकडा सहसा ठळक टाइपात छापला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मागे राहते: या कर्करोगाच्या सुमारे ४० टक्के रुग्णांना आधी असा नियमित त्रास नव्हताच. ज्यांना जळत नाही त्यांनी निर्धास्त राहावे, असा अर्थ पहिल्या आकड्यातून निघतो, आणि दुसरा आकडा तो खोडून काढतो.

वाचकांना घाबरवणे हा माझा हेतू नाही, म्हणून प्रत्यक्ष धोका किती हेही सांगितले पाहिजे. हा कर्करोग मुळात विरळ आहे. विरळ गोष्ट कितीतरी पट वाढली तरी ती बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. डेन्मार्कमधील ११,००० हून अधिक बॅरेट रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार वर्षाला हजार रुग्णांमागे एखाद्यालाच कर्करोग झाला. मला बॅरेट असल्याचे समजले, त्या रात्री मी झोपलो नव्हतो. हा आकडा तेव्हा कोणी सांगितला असता तर मी झोपलो असतो. पेशींत विकृत बदल सुरू झालेले असतील तर धोका बराच वाढतो. असे बदल कर्करोग होण्याआधी बायोप्सीत दिसतात आणि एंडोस्कोपीतूनच ते अस्तर काढून टाकण्याचे किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने नष्ट करण्याचे उपाय आज उपलब्ध आहेत. विकृत बदल नसलेल्यांना ठरावीक काळाने, साधारणपणे दर तीन ते पाच वर्षांनी, तपासणी करून घ्यावी लागते, एवढेच.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच दुर्लक्षित आहे. ज्यांना भयंकर जळजळ होते, त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची अन्ननलिका एंडोस्कोपीत स्वच्छ दिसते. असा अहवाल हाती घेऊन घरी आलेल्या माणसाला घरचे म्हणतात की तुझ्या मनाचे खेळ आहेत. ते खरे नाही. काहींच्या अस्तरात सूक्ष्म बदल असतात, काहींच्या मज्जातंतू नेहमीइतक्या आम्लालाही तीव्र प्रतिसाद देतात, आणि काहींना आम्लाचा आजार नसून तक्रारीचे कारण दुसरेच असते. अशा वेळी नाकावाटे बारीक नळी घालून किंवा अन्ननलिकेत छोटी कुपी बसवून २४ तास किंवा अधिक काळ आम्लता मोजता येते. अन्ननलिकेतली आम्लता दिवसाच्या ४ टक्क्यांहून कमी वेळ मर्यादेबाहेर असेल तर ते सामान्य, ६ टक्क्यांहून जास्त वेळ असेल तर आजार नक्की, असा आजचा संकेत आहे. छातीतली जळजळ किती आणि आतली इजा किती, ही दोन वेगळी मापे आहेत. कोणत्याही दिशेने एकावरून दुसरे ठरवू नये.

यासाठी आपल्या पानावर पित्ताचा लेख असेल तेव्हा धोक्याची लक्षणे स्पष्ट शब्दांत छापावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घास अडकणे किंवा हळू उतरणे, गिळताना दुखणे, प्रयत्न न करता वजन घटणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ येणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, कारण न सापडणारा रक्तक्षय, न थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही असेल तर गोळ्या घेऊन वाट पाहू नये. ज्यांना पाचाहून अधिक वर्षे नियमित त्रास आहे आणि शिवाय वय पन्नाशीपुढे, पुरुष असणे, पोटाभोवतीची चरबी, धूम्रपान, घरात कोणाला बॅरेट किंवा अन्ननलिकेचा कर्करोग असणे यांपैकी काही गोष्टी लागू आहेत, त्यांनी एकदा तरी एंडोस्कोपीविषयी डॉक्टरांशी बोलावे. आणि छातीत दुखणे प्रथमच उद्भवले असेल, श्रमाने वाढत असेल, घाम, धाप किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ सोबत असेल, तर ते पित्त आहे असे घरी ठरवू नये. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना इतक्या सारख्या असू शकतात की अनुभवी डॉक्टरही आधी हृदय तपासतात.

औषधांबाबत दोन टोकांच्या समजुती आहेत आणि दोन्हींनी नुकसान होते. पहिली म्हणजे वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने गोळी घेत राहणे. चघळायची गोळी जठरात असलेले आम्ल तात्पुरते मारते, अन्ननलिकेतली इजा भरून आणण्यास ती पुरेशी नसते. ओमेप्रॅझोल १९८८ साली बाजारात आले, तेव्हापासून त्या गटातली औषधे इजा भरून आणण्यासाठी मुख्य ठरली आहेत. जठरातल्या पेशींचे आम्ल सोडणारे पंप ती बंद करतात, पण केवळ त्या वेळी चालू असलेले. जेवणाने पंप चालू होतात, म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मी ती कित्येक महिने झोपताना घेत होतो आणि औषध लागू पडत नाही अशी तक्रार करत होतो. मला वेळ सांगितली गेली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

दुसरी समजूत म्हणजे या गोळ्यांनी हाडे आणि मूत्रपिंडे निकामी होतात असा संदेश वाचून त्या एका दिवसात बंद करणे. दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब १२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता असते आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते, हे खरे. परंतु २०१९ मध्ये १७,००० हून अधिक रुग्णांना सुमारे तीन वर्षे पँटोप्रॅझोल हे याच गटातले औषध किंवा निष्प्रभ गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) देऊन जी पद्धतशीर तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात आतड्यांच्या जंतुसंसर्गातली थोडी वाढ वगळता इतर कोणताही धोका वाढलेला आढळला नाही. एकाएकी औषध सोडले की जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडते. डेन्मार्कमध्ये २००९ साली आधी कोणताही त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे औषध देऊन थांबवले, तर पुढच्या चार आठवड्यांत त्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लाची लक्षणे जाणवली. निष्प्रभ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. या उसळीलाच माणूस आपला आजार समजतो आणि पुन्हा गोळीकडे वळतो. ज्यांना गरज नाही त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करावी. पण ज्यांच्या अन्ननलिकेत तीव्र इजा, आकुंचन किंवा बॅरेटचा बदल आढळला आहे, त्यांनी जळजळ थांबली म्हणून ती सोडू नये. तीव्र इजा औषधाविना बहुतेकांत काही महिन्यांतच परत येते.

जाता जाता एक सूचना करतो, कारण ती कोणी करत नाही. काही प्रतिजैविके, हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या, वेदनाशामके आणि पोटॅशियमच्या गोळ्या अन्ननलिकेत अडकून राहिल्या तर एकाच रात्रीत व्रण करू शकतात. गोळी भरपूर पाण्यासोबत, बसून किंवा उभे राहून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये.

औषधाव्यतिरिक्त जे उपाय सांगितले जातात, त्यांतल्या मोजक्याच गोष्टींना ठोस आधार आहे. वजन जास्त असेल तर ते कमी करणे ही त्यांतली पहिली, कारण पोटातला दाब कमी झाला की कड्यावरचा ताण कमी होतो. दुसरी म्हणजे धूम्रपान सोडणे. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्या तर माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्याने जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो, म्हणून आम्ल वर येणे कमी होते. खाण्याच्या पदार्थांची निषिद्ध यादी मात्र सर्वांना सारखी लागू करू नये. ज्याला ज्याने त्रास होतो त्याने ते टाळावे. वीस पदार्थ सोडून कुपोषित झालेले रुग्ण मी प्रतीक्षा कक्षात पाहिले आहेत. औषधाने आम्ल दबले तरी अन्नद्रव वर येतच राहणाऱ्या काही रुग्णांना जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. रुडॉल्फ निसेन यांनी १९५० च्या दशकात रूढ केलेली ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होते.

माझी नळी तीन वेळा रुंदावून घ्यावी लागली. बॅरेटच्या बदलात विकृती नाही, दररोज एक गोळी चालू आहे आणि ठरल्या वेळी तपासणीही होते. आता मी सर्वांसोबत जेवून सर्वांसोबत उठतो. मला ज्या गोष्टी कळायला पंधरा वर्षे लागली, त्या आपल्या पानावरच्या एका परिच्छेदात बसतात. पित्ताच्या पुढच्या लेखात त्या परिच्छेदाला जागा द्यावी, आणि लेखाच्या चित्रात जठरासोबत अन्ननलिकाही काढावी, अशी विनंती आहे. त्या चित्रात बहुधा जठर एकटेच असते.

जागेअभावी हे पत्र कापावे लागले तर इतिहास, परदेशी अभ्यास आणि माझी हकीकत खुशाल गाळावी. घास अडकण्याविषयीचा आणि धोक्याच्या इतर लक्षणांचा मजकूर तेवढा ठेवावा.

आपला नम्र,
एक वाचक